न बोललेला शह

रविवारी दहा वाजता चष्मेवाला दुकानाची किल्ली न्यायला येणार होता, आणि किल्लीवाला उजाडल्यापासून पलंगावर बसून एकच शब्द घोटत होता. शब्द काही फार मोठा नव्हता. नाही. बस्स, एवढंच म्हणायचं होतं त्याला. नाही, माझं दुकान मला द्यायचं नाही. पण तोंड उघडलं की बाहेर पडायचं, "हो." भिंतीकडे बघून म्हणून पाहिलं, उशीत तोंड खुपसून म्हणून पाहिलं. "हो. हो." आपल्याच जिभेनं असा दगा दिल्यावर माणसानं दाद मागायची तरी कोणाकडे?

सव्वातीन महिने झाले या गोष्टीला. एक बाई कपाटाची किल्ली करून घ्यायला आली होती. यंत्राच्या एका चिमट्यात तिची जुनी किल्ली, दुसऱ्यात कोरी, चाक फिरतंय, पितळेचा कीस उडतोय, आणि एकदम उजवा हातच सुटला. पडलेली किल्ली उचलायला तो वाकला तो वर आलाच नाही. अठरा दिवस दवाखान्यात काढले. पाय परत आला, हात निम्मा परत आला, वाचा मात्र तिकडेच राहिली. गल्लीत सगळ्यांनी एकच विनोद केला, शेवटी किल्लीवाल्याच्याच तोंडाला कुलूप लागलं म्हणून. लोकांचं काय जातंय बोलायला! ज्याची जीभ गेली त्याला विचारा.

म्हणजे अगदीच गेली असं नाही. चार शब्द उरले होते. हो, नाही, अरे, आणि चहा. त्यातही हो आणि नाही यांची अदलाबदल झालेली. मान हलवून सांगावं तर मानही त्या जिभेलाच सामील. डाव्या हातानं लिहायला बसला, तर कागदावर अक्षरांऐवजी मुंग्या चालल्यासारख्या रेघा. डोक्यात मात्र सगळं जागच्या जागी होतं हो! दुकानात कुठल्या खिळ्यावर कुठली कोरी किल्ली लटकते, कोणाच्या तिजोरीचा कुठला खटका अडतो, कोण किल्ली हरवून आला की आधी बायकोवर खापर फोडतो, सगळं. आत दिवा लख्ख जळत होता आणि बाहेरच्यांना घर अंधारात दिसत होतं.

डॉक्टर घाईत होते. ते मुलाला म्हणाले, "समजही थोडी गेली असू शकते, आत्ताच सांगता येणार नाही." एवढंच म्हणाले. पण मुलाच्या मनात त्यातलं पुढचं अर्धं पुसलं गेलं आणि "समज गेली" तेवढं राहिलं.

मुलगा वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही त्याला शिव्या द्यायला मोकळे. पार्सलच्या गोदामात दिवसभर उभा राहून काम करायचा, आणि घरी आल्यावर बापाला आंघोळ घालायचा. सून शाळेच्या कचेरीत होती. म्हातारा दहा ते चार एकटा. एके दिवशी भर दुपारी तो सपाता घालून, रस्ते ओलांडून दुकानापर्यंत गेला आणि बंद शटरसमोर उभा राहिला. मुलाला कोणीतरी फोन केला. मुलगा धावत आला, रस्त्यातच रडला. दार कसं उघडं राहिलं यावरून नवराबायकोत दोन दिवस जुंपली. अहो, दार उघडं राहिलंच नव्हतं! ते कुलूप किल्लीवाल्यानंच बसवलेलं होतं. केसाच्या पिनेनं, आणि तेही डाव्या हातानं, त्यानं ते चार मिनिटांत उघडलं होतं. शाबासकी द्यायची सोडून मुलानं दाराला बाहेरून टाळं लावायला सुरुवात केली. आतून ज्याला भोकच नाही ते कुलूप जगातला कुठलाही किल्लीवाला उघडू शकत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

आणि मग मुलानं विचारलं होतं, अगदी जवळ बसून, हात हातात घेऊन. "बाबा, दुकान बंदच पडलंय. शेजारचे चष्मेवाले काका मागतायत. देऊन टाकायचं ना?"

त्यानं जीव खाऊन म्हटलं, "हो! हो! हो!"

मुलानं डोळे पुसले. "मला वाटलंच होतं, तुम्ही समजून घ्याल."

आता हा चष्मेवाला कोण, ते ऐका. दोघांच्या दुकानांत एक भिंत. एकतीस वर्षं एकीकडे किल्ल्यांची करकर आणि दुसरीकडे "खालची ओळ वाचा" चाललेलं. मधल्या पायरीवर उलटा खोका, त्याच्यावर बुद्धिबळाचा पट. गिऱ्हाईक आलं की उठायचं, किल्ली घासायची, परत येऊन चाल करायची. कित्येक गिऱ्हाइकं चष्म्याचा नंबर काढायला यायची आणि डाव संपेपर्यंत तिथंच उभी राहून उंट हलवा, घोडा हलवा असे सल्ले देत राहायची. फुकटचा सल्ला द्यायला काय, प्रत्येकजण उंटावरचा शहाणा.

त्या पटावर एक कायदा होता. शह तोंडानं द्यायचा. मोठ्यानं, समोरच्याला ऐकू जाईल असा. बोलला नाही तर दिला नाही. न बोललेला शह हा शहच नव्हे, समोरच्यानं खुशाल आपली दुसरी चाल करावी. हा कायदा कोणी केला होता? किल्लीवाल्यानं स्वतः! एकदा तो किल्ली घासत असताना चष्मेवाल्यानं गुपचूप शह दिला, ह्याला दिसला नाही, ह्यानं भलतीच चाल केली आणि चष्मेवाल्यानं सरळ राजाच उचलून खिशात टाकला. अकरा दिवस दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. बाराव्या दिवशी किल्लीवाल्यानं अटी घातल्या, त्यातली पहिली ही. तेव्हापासून इतक्या वर्षांत पटावर शह पडला आणि तोंडातून शब्द निघाला नाही असं एकदाही झालं नाही. हात आणि जीभ एकाच दोरीला बांधल्यासारखे झाले होते.

चष्मेवाला दवाखान्यात एकदाच आला. ह्याचा हात धरून म्हणाला, "ओळखलंस ना मला?" हा म्हणाला, "नाही." चष्मेवाला तसाच उठला, जिना उतरला आणि पुन्हा आला नाही. आपला मित्र गेला, असं त्यानं स्वतःला सांगून टाकलं. आणि एकदा माणूस गेलाच म्हटल्यावर त्याचं दुकान घ्यायला कसली लाज? मधली भिंत पाडायची आणि डोळे तपासायची खरीखुरी काळोखी खोली करायची, हे त्याचं जुनंच स्वप्न. आयुष्यभर दारातल्या उजेडात पडदा ओढून डोळे तपासले होते बिचाऱ्यानं.

मुलानं बापाला एक टॅब आणून दिला होता. त्यात बुद्धिबळ होतं. डोक्याला चालना मिळेल म्हणून. किल्लीवाल्यानं आधी नाक मुरडलं. समोर माणूस नाही, त्याचा खोकला नाही, "अरे काय करतोस गाढवा" नाही, हा कसला डाव! पण दहा ते चार टाळ्याआड बसून माणूस काय करणार? डाव्या हाताच्या बोटानं तो खेळू लागला. पहिली पायरी जिंकला, दुसरी, तिसरी, पाचवी. कॉम्प्युटरचा राजा शहात सापडला की ते घर लाल व्हायचं. तिथं बोलायची गरजच नव्हती. तरी जुन्या सवयीनं ह्याच्या तोंडातून शब्द निघायचाच. आत म्हणायचा "शह", बाहेर यायचं "चहा."

"आत्ता तर घेतलात, बाबा," सून संध्याकाळी घरी आली की म्हणायची. तरी द्यायची. शेवटी कंटाळून तिनं एक थर्मास भरून ठेवायला सुरुवात केली. बाबा टॅब घेऊन बसले की त्यांना चहाची तल्लफ येते, एवढं तिच्या लक्षात आलं होतं. का येते, ते मात्र आलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

बाप जिंकतोय हे पाहून मुलाला आधी आनंद झाला. मग त्याला पडद्याच्या कोपऱ्यात एक पिवळा दिवा दिसला. तो दाबला की कॉम्प्युटर आपणहून चांगली चाल दाखवतो. "हं, म्हणजे हे दाबत असतील," मुलगा म्हणाला. त्याला स्वतःला प्यादं कुठलं आणि पेरू कुठला कळत नव्हतं. किल्लीवाल्याला टॅब भिंतीवर आपटावासा वाटला. त्यानं तो फक्त उशीखाली सरकवला.

तर रविवार. दहाला पाच कमी असताना बेल वाजली.

चष्मेवाला नवा सदरा घालून आला होता. दारातच घुटमळला. मित्राकडे न बघता म्हणाला, "कसा आहेस?" आणि उत्तराची वाट न पाहता मुलाशी बोलायला लागला, भिंत कधी पाडायची, यंत्र कुठं हलवायचं. मुलानं दुकानाची किल्ली टेबलावर ठेवली. लांब, दोन दातांची, पितळी बिल्ल्याची. ती किल्लीवाल्यानं लग्नाच्या आदल्या वर्षी स्वतः कानशीनं घासून केली होती.

"काका, मी बाबांना विचारलंय," मुलगा म्हणाला. "ते हो म्हणालेत."

किल्लीवाल्यानं किल्लीकडे पाहिलं. आत्ता नाही तर कधीच नाही. पण बोलायची सोय नव्हती, बोललं की "हो" येणार आणि होतं ते अवसानही जाणार. तो उठला. दुकानातलं सामान भरून आणलेला पुठ्ठ्याचा खोका कोपऱ्यात होता, तो त्यानं पायानं ओढत आणला आणि सरळ उपडा केला. कानशी, कड्या, कोऱ्या किल्ल्या, घडी घातलेला पट, आणि त्यांच्यातून घरंगळत आलेली मोहरी.

"बाबा! अहो, काय हे!" सून धावली.

त्यानं ऐकलं नाही. टेबलावर पट टाकला. डाव्या हातानं एकेक मोहरं मांडू लागला. एक काळा हत्ती बारा वर्षांपूर्वी गटारात पडला होता. त्याच्या जागी एका जुन्या कुलपातलं पितळी नळकांडं ठेवायचे. ते त्यानं बरोबर कोपऱ्यात उभं केलं.

चष्मेवाला बघत राहिला. मग खुर्ची ओढून बसला. मुलगा म्हणाला, "काका, तुम्ही घाईत असाल..."

"अर्धा तास आहे मला. असू दे. शेवटचा डाव समजू."

शेवटचा! किल्लीवाल्याचे कान तापले.

चष्मेवाला लहान पोराशी खेळावं तसा खेळत होता. सातव्या चालीला त्यानं एक घोडा मुद्दाम मारात ठेवला, दयेपोटी. किल्लीवाल्यानं तो उचलला आणि बाजूला ठेवला. पुढच्या पाच चालींत त्यानं एक उंट आणि दोन प्यादीही घेतली, आणि ती काही दयेनं मिळालेली नव्हती.

"बघा ना काका," मुलगा पुटपुटला, "खेळतायत की चांगले."

चष्मेवाला मान हलवत म्हणाला, "हात चालतोय रे पोरा. सवयीनं. माझ्या आईला शेवटी शेवटी मीसुद्धा ओळखू यायचो नाही. पण सुया हातात दिल्या की स्वेटर असा विणायची, एक टाका चुकायचा नाही. हाताला आठवतं. माणूस आत नसतो."

किल्लीवाल्याला वाटलं, पट उचलून ह्याच्या डोक्यात घालावा. मी आत आहे, गाढवा! इथंच आहे! तोंडातून नुसतं "अरे, अरे" निघालं, आणि चष्मेवाल्यानं कीव येऊन त्याच्या हातावर थोपटलं.

पण चष्मेवालाही अखेर खेळाडूच. पटावरचं सामान कमी होऊ लागलं तशी त्याची कीव गळाली. बाह्या वर गेल्या. जिंकायची जुनी खाज जागी झाली. आणि पंचविसाव्या चालीच्या सुमारास त्यानं खरंच एक झकास घाव घातला. वजीर सरसर आत आणला तो थेट किल्लीवाल्याच्या राजाच्या उरावर. पुढच्याच चालीला मात. टाळायला एकही घर मोकळं नव्हतं.

चष्मेवाला मागं टेकून बसला. त्याची नजर टेबलावरच्या किल्लीकडे गेली.

किल्लीवाला पटावर वाकला. कुलूप जोर लावून उघडत नाही, कान देऊन उघडतं, असं तो शिकाऊ पोरांना सांगायचा. आता त्यानं पटाला कान दिला. चष्मेवाल्याची एक जुनी खोड होती. सामान कमी झालं की तो राजा तंबूतून काढून मैदानात फिरवायचा. आजही राजा पार पटाच्या मध्यावर आलेला. आणि ह्याच्याकडे दोन हत्ती होते, एक लाकडाचा, एक पितळेचा. एका हत्तीनं एक ओळ अडवायची, दुसऱ्यानं पुढच्या ओळीत शह द्यायचा. राजा एक पायरी मागं. मग पहिल्यानं शह द्यायचा. अजून एक पायरी मागं. शिडीवरून उतरवावं तसं त्याला पार त्याच्या भिंतीपर्यंत न्यायचं. तीन शह, आणि चौथ्याला मात. मध्ये एक जरी चाल मोकळी गेली तरी चष्मेवाल्याचा वजीर डाव संपवणार.

आणि तिथंच घोडं पेंड खात होतं. शह बोलून द्यायचा! न बोललेला शह म्हणजे मोकळी चाल. आपल्याच हातानं घातलेला कायदा, आता आपल्याच गळ्याला फास. चष्मेवाल्यानं नुसतं म्हणायचा अवकाश, "तू कुठं शह म्हणालास?" आणि खेळ खलास. डावही गेला आणि दुकानही.

त्यानं लाकडी हत्ती उचलला. ओठ जुळवले. श हा शेवयांतला, श हा शटरमधला. हत्ती घरात ठेवला.

"चहा!"

"देते, बाबा." सुनेनं थर्मासमधून कप भरला आणि पटाशेजारी ठेवला.

चष्मेवाल्यानं पटाकडे पाहिलं, राजा शहात आहे हे त्याला दिसलं, आणि सवयीनंच त्यानं तो एक घर मागं घेतला. किल्लीवाल्यानं मनात मोजलं. एक झाला.

पितळी हत्ती पुढं सरकला. "चहा!"

"अहो, समोर भरलेला आहे की!" सून म्हणाली. मुलगा दमून म्हणाला, "दे गं. पाहुण्यांसमोर नको." दुसरा कप आला, पहिल्याच्या शेजारी.

चष्मेवाल्याच्या कपाळावर आठी पडली. तो कपाकडे नाही, किल्लीवाल्याच्या तोंडाकडे बघत होता. राजा आणखी एक घर मागं गेला, पण सावकाश.

लाकडी हत्ती. "चहा."

सुनेनं तिसरा कप आणून ठेवला आणि ती दाराला टेकून उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मुलगा खिडकीबाहेर बघत होता.

चष्मेवाल्यानं राजाला हात लावला नाही. त्याचा हात वजिराकडे गेला. दोन बोटांत त्यानं वजीर धरला आणि हलक्या आवाजात विचारलं, "शह दिलास का?"

हो! हो रे बाबा, हो! किल्लीवाल्याचा सगळा जीव त्या एका अक्षरात गोळा झाला. टेबलाची कड त्यानं इतक्या जोरानं धरली की कपातला चहा हिंदकळला.

"नाही," तो म्हणाला.

चष्मेवाल्यानं वजीर उचलला. आता ठेवला की संपलं. कायद्यानं त्याचं काहीच चुकत नव्हतं. विचारलं होतं, उत्तर मिळालं होतं. किल्लीवाल्यानं डोळे मिटले नाहीत. सगळं आयुष्य ज्याच्याशी भांडण्यात घालवलं त्या माणसाकडे तो टक लावून बघत राहिला.

वजीर हवेत तसाच थांबला. चष्मेवाल्याची नजर कपांवर गेली. एक, दोन, तीन. मग पटावर. त्याचा राजा ज्या घरांत शहात सापडला ती तीन घरं. मग पुन्हा कप. चष्मे करणारा माणूस तो, बारीक अक्षर वाचायची त्याला सवय होती. त्यानं वजीर होता तिथं परत ठेवला आणि राजा मागच्या शेवटच्या ओळीत नेला.

"हं," तो म्हणाला. "आता दे. मोठ्यानं दे."

पितळी हत्ती पटावरून खरडत गेला आणि शेवटच्या ओळीत उभा राहिला. किल्लीवाल्यानं श्वास घेतला.

"चहा," तो म्हणाला. आणि मग सव्वातीन महिन्यांत कधी आला नव्हता असा एक पाचवा शब्द त्याच्या तोंडातून बाहेर पडला. "भात."

"भात?" सून म्हणाली. "चहाबरोबर भात?"

मुलानं कपाळाला हात लावला. "बघितलंत ना काका. असंच चालतं दिवसभर. तुम्ही न्या ती किल्ली."

आणि इथं, खरं सांगतो, काहीही होऊ शकलं असतं. त्या खोलीत बुद्धिबळ येणारी माणसं दोनच, त्यातल्या एकाला बोलता येत नव्हतं. चष्मेवाल्यानं एक सुस्कारा टाकून किल्ली खिशात घातली असती तर कोणाला काय कळणार होतं? भिंत पडली असती, काळोखी खोली झाली असती. त्याचा हात किल्लीपर्यंत गेलाही. बिल्ल्यावर बोट टेकलं. किल्लीवाला बघत होता, आणि त्याच्याकडे आता एकही चाल उरली नव्हती.

मग चष्मेवाल्यानं दुसऱ्या हातानं आपला राजा आडवा पाडला.

"भात नाही रे पोरा," तो म्हणाला. "मात. शह आणि मात. हा तुमच्याकडे चहा मागतच नव्हता. तीन वेळा शह दिला ह्यानं मला, आणि तुम्ही तीन कप आणून ठेवलेत."

सून तोंडावर हात ठेवून उभी राहिली. तिला थर्मास आठवला असणार, आणि ते सगळे दिवस.

"म्हणजे बाबांना... कळतं?" मुलगा म्हणाला.

"तुझ्या माझ्यापेक्षा जास्त. आणि आत्ताच मी विचारलं, शह दिलास का, तर 'नाही' म्हणाला. दिलेला असताना! दवाखान्यात मला ओळखलंस का विचारलं, तेव्हाही 'नाही' म्हणाला होता हा." चष्मेवाल्याचा आवाज फुटला. त्यानं चष्मा काढला आणि नव्या सदऱ्यालाच पुसला. "मी गाढव. मी निघून गेलो."

मुलाचा चेहरा पांढरा पडला. "पण मी विचारलं होतं. दुकानाचं. ते तर हो..."

तो मध्येच थांबला.

चष्मेवाल्यानं पटावरची मोहरी हातानं बाजूला सारली. दुकानाची किल्ली उचलून बरोबर मध्यावर ठेवली. "जिभेला विचारू नकोस," तो मुलाला म्हणाला. "ती फितूर आहे. हाताला विचार." मग मित्राकडे वळला. "ऐक. दुकान मला द्यायचं असेल तर किल्ली माझ्या बाजूला सरकव. ठेवायचं असेल तर तुझ्या बाजूला घे. घाई नाही. विचार करून चाल कर."

किल्लीवाल्यानं कसला विचार करायचा? सव्वातीन महिने दुसरं केलं काय होतं त्यानं! डावा हात पुढं गेला, किल्लीवर पडला, आणि ती पटावरून, टेबलावरून ओढत थेट छातीशी आली. तोंड मात्र आपलं इमानेइतबारे चालूच होतं. "हो! हो! हो!"

मुलगा त्याच्या पायाशी खाली बसला आणि त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडला. "चुकलो, बाबा." बापानं किल्ली धरलेल्याच हातानं त्याचे केस विसकटले. सून दाराकडे गेली, बाहेरच्या कडीतलं टाळं काढून आणलं आणि किल्लीसकट सासऱ्याच्या मांडीवर ठेवलं.

"उद्यापासून दुकान उघडायचं," चष्मेवाला नाक पुसत म्हणाला. "किल्ल्या घासता येतील तेव्हा येतील. तोवर बसून राहा. गिऱ्हाइकांशी मी बोलेन, आणि माझी तीच ती काळोखी खोली गेली खड्ड्यात. पांढरी मोहरी मला. हरलोय मी." आणि तो पुन्हा डाव मांडायला लागलासुद्धा.

किल्लीवाला मागं रेलला. घसा कोरडा पडला होता, अंगातलं बळ सगळं निघून गेलं होतं, आणि समोरचे तिन्ही कप सायीखाली थंडगार झाले होते.

"चहा," तो म्हणाला.

चष्मेवाला दचकला, त्यानं घाईघाईनं पटाकडे पाहिलं. "कुठून? अरे, अजून राजासुद्धा मांडला नाही मी!"

मुलगा आणि सूनही डोळे फाडफाडून पटाकडेच बघत राहिले. कोणीच उठेना. या वेळी त्याला खरोखरच चहा हवा होता.